‘तुमचा पीसी धोक्यात आहे’ : अँटिव्हायरसचा हा पॉप-अप पुन्हा पुन्हा येत असेल तर

तक्रार साधारण अशी असते. अँटिव्हायरस चालू आहे, पैसे भरून घेतलेला आहे, मुदतही बाकी आहे. तरी दर दोन-चार दिवसांनी स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खालून लाल चौकट वर येते. ‘तुमचा पीसी असुरक्षित आहे’, ‘समस्या सापडल्या’, ‘आत्ताच अपग्रेड करा’. बंद केली की परवा परत हजर. स्कॅन केला तर काहीच सापडत नाही. मग माणूस गोंधळतो. खरंच व्हायरस आहे, की कंपनी घाबरवून पैसे काढायला बघतेय?

मी छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतो. सीएंची ऑफिसं, दवाखाने, पतसंस्था. या चौकटीबद्दलचे फोन मला प्रिंटर बिघडल्याच्या फोनांपेक्षा जास्त येतात. म्हणून उत्तर आधीच सांगून टाकतो. अशा बहुतेक चौकटींमागे व्हायरस नसतो, विक्री असते, आणि तिथली भाषा पुष्कळदा दिशाभूल करणारी असते. पण सगळ्याच तशा नसतात. खरी सूचनाही त्याच कोपऱ्यातून आणि त्याच लाल रंगात येते. सरसकट सगळं बंद करून टाकलं तर एखाद्या दिवशी खरी सूचना हुकेल. त्यामुळे आधी ओळख पटवायची, मग बंदोबस्त करायचा.

चौकट आली कुठून?

चौकटीवर ज्या कंपनीचं नाव आहे तिनेच ती पाठवली असेल, असं धरून चालू नका. सगळ्यात आधी चौकटीच्या वरच्या किंवा खालच्या कडेची बारीक अक्षरं वाचा. तिथे ‘गूगल क्रोम’ किंवा ‘मायक्रोसॉफ्ट एज’ असं लिहिलेलं असेल आणि शेजारी कुठल्यातरी अनोळखी वेबसाइटचा पत्ता असेल, तर ती अँटिव्हायरसची सूचना नाहीच. ती एका वेबसाइटने ब्राउझरमार्फत पाठवलेली नोटिफिकेशन आहे. मोठ्या अँटिव्हायरस कंपनीचा लोगो तिथे फक्त चिकटवलेला असतो. कधीकधी दुवा उघडला तर खऱ्या कंपनीच्या खरेदीच्या पानावरही जातो, कारण मधल्या माणसाला विक्रीमागे कमिशन मिळतं. त्यामुळे ‘साइट तर खरी निघाली’ यावरून चौकट खरी ठरत नाही.

ही परवानगी आपल्याच हातून गेलेली असते, फक्त लक्षात राहत नाही. सिनेमा, निकाल किंवा पीडीएफ शोधताना एखादं पान म्हणतं, ‘तुम्ही रोबो नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा’. दाबलं की त्या साइटला तुमच्या डेस्कटॉपवर वाटेल तेव्हा चौकट टाकायची मुभा मिळते. क्रोममध्ये वरचे तीन ठिपके, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज आणि तिथे नोटिफिकेशन्स असं जा. परवानगी मिळालेल्या साइटची यादी दिसेल. जी ओळखीची नाही ती काढून टाका. एजमध्ये सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘नोटिफिकेशन्स’ लिहिलं की तशीच यादी मिळते. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींतल्या कितीतरी इथेच मिटतात. फॉरमॅट करायची गरज नसते, नवा अँटिव्हायरस घ्यायचीही नसते.

कडेला ब्राउझरचं नाव नसेल आणि चौकट नेमकी कोणाची ते कळत नसेल, तर मायक्रोसॉफ्टचं ‘प्रोसेस एक्सप्लोरर’ हे फुकट साधन उतरवून घ्या. त्याच्या वरच्या पट्टीत नेमबाजीच्या वर्तुळासारखं एक चिन्ह आहे. ते माउसने ओढून त्या चौकटीवर सोडलं की चौकट कुठल्या प्रोग्रॅमची आहे ते यादीत ठळक होतं. चौकट पळून जायच्या आत हे करावं लागतं, म्हणून साधन आधीच उघडून ठेवा. कित्येकदा असं दिसतं, की चौकट अँटिव्हायरसची नसून त्याच्यासोबत न विचारता बसलेल्या ‘क्लीनर’ची, ‘ड्रायव्हर अपडेटर’ची किंवा त्याच कंपनीच्या ब्राउझरची आहे.

खऱ्या कंपनीची चौकट वाचायची कशी?

आता समजा, चौकट खरोखरच तुमच्या अँटिव्हायरसची आहे. नाशिकच्या एका सीएंच्या ऑफिसातलं उदाहरण सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही. मार्चअखेरीची धावपळ चालली होती. तिथल्या ताईंचा फोन आला, ‘‘सर, लाल आलंय. पोर्टल उघडू का नको? क्लायंटचे पासवर्ड आहेत सगळे.’’ जाऊन बघितलं. चौकटीच्या डावीकडे लाल त्रिकोण. मोठ्या अक्षरांत, ‘तुमची खासगी माहिती धोक्यात आहे’. त्याखाली ‘४३ ट्रॅकर सापडले’. मग रुंद हिरवं बटण, ‘दुरुस्त करा’. त्याच्याखाली, पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरांत, दिसेल न दिसेल अशी ओळ : ‘धोका स्वीकारून पुढे जा’. बंद करायची फुली पहिले काही क्षण दिसतच नव्हती.

‘दुरुस्त करा’ न दाबता ‘तपशील’ उघडला. ते ४३ ट्रॅकर म्हणजे ब्राउझरमधल्या कुकीज होत्या. बातम्यांच्या साइटच्या, खरेदीच्या साइटच्या, हवामानाच्या एका पानाच्या. कुकी ही मजकुराची लहानशी नोंद असते, ती स्वतः चालू शकत नाही आणि पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅमही नसते. जाहिरात कंपन्या तिच्यावरून माग काढतात हे खरं आहे, पण ती ब्राउझरच्या सेटिंग्जमधून फुकट पुसता येते आणि दुसऱ्या दिवशी त्याच साइट उघडल्या की पुन्हा जमा होते. हिरवं बटण दाबलं असतं तर ‘प्रायव्हसी’ नावाच्या वेगळ्या वस्तूचं खरेदीचं पान उघडलं असतं. ऑफिसने घेतलेल्या अँटिव्हायरसची मुदत वर्षाहून जास्त बाकी होती, तो पूर्ण चालू होता आणि व्हायरस एकही नव्हता. म्हणजे ‘धोक्यात आहे’ याचा अर्थ ‘आमची आणखी एक वस्तू तुम्ही विकत घेतलेली नाही’ एवढाच होता.

या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. वाक्य शब्दशः खोटं नसतं. ट्रॅकर सापडलेले असतात. पण ज्या प्रोग्रॅमवर तुम्ही व्हायरस सांगण्यासाठी विश्वास ठेवला आहे, त्यानेच व्हायरसच्या आवाजात जाहिरात केली, तर माणूस घाबरणारच. त्या ताईंनी अर्धा दिवस जीएसटीचं काम थांबवलं होतं.

म्हणून कुठलीही चौकट आली की तीन गोष्टी शोधा : नाव, ठिकाण आणि कृती. खरी सूचना धोक्याचं नाव सांगते. विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसमध्ये, म्हणजे डिफेंडरमध्ये, ते ‘ट्रोजन’ (साळसूद रूपात शिरणारा घातक प्रोग्रॅम), ‘पीयूए’ (नको असलेला प्रोग्रॅम) अशा शब्दाने सुरू होणारं लांबलचक नाव असतं. खरी सूचना फाइल कुठे आहे ते सांगते, म्हणजे डाउनलोड्समधली अमुक, पेनड्राइव्हवरची तमुक. आणि काय केलं तेही सांगते : अडवली, वेगळी ठेवली, पुसली. या कामासाठी ती तुमच्याकडे नव्याने पैसे मागत नाही, कारण त्याचे पैसे तुम्ही आधीच दिलेले असतात. याउलट नाव नाही, ठिकाण नाही, नुसता आकडा आणि पैसे भरायचं बटण एवढंच असेल, तर ती जाहिरात समजा.

नेहमीच्या काही वाक्यांमागे काय असतं तेही सांगतो.

‘तुमचा आयपी अॅड्रेस उघड आहे.’ आयपी म्हणजे इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा पत्ता. प्रत्येक साइटला तो दिसतोच, नाहीतर उत्तर पाठवायचं कुठे? हे व्हीपीएन, म्हणजे तो पत्ता झाकणारी सेवा, विकायचं वाक्य आहे. व्हीपीएनचे उपयोग आहेत, पण आयपी दिसणं हा बिघाड नाही.

‘रजिस्ट्रीत शेकडो चुका.’ रजिस्ट्री म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅम आपली सेटिंग्ज ठेवतात ती वही. या चुका दुरुस्त करून कॉम्प्युटर वेगवान होत नाही. रजिस्ट्री क्लीनरच्या वापराला आपला पाठिंबा नाही, असं खुद्द मायक्रोसॉफ्टने आपल्या धोरणात लिहून ठेवलं आहे. हे बटण दाबून प्रोग्रॅम उघडेनासे झालेले कॉम्प्युटर माझ्याकडे येतात.

‘ड्रायव्हर जुने झालेत.’ ड्रायव्हर म्हणजे प्रिंटर, आवाज, स्क्रीन असे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम. विंडोज अपडेट किंवा लॅपटॉप कंपनीची साइट इथूनच ते घ्या, ते फुकट असतात.

‘संरक्षण संपतंय, २ दिवस उरले.’ ही माहिती खरी असू शकते. अँटिव्हायरस उघडून लायसन्सच्या पानावर तारीख बघा. मुदत संपली म्हणजे कॉम्प्युटरला व्हायरस लागला असं होत नाही, विम्याची मुदत संपली म्हणजे अपघात झाला असं जसं होत नाही. पण मुदत संपल्यावर नव्या व्हायरसची ओळख मिळणं बंद होतं, म्हणून तसंच अनेक महिने चालवायचंही नसतं. नव्या लॅपटॉपसोबत आलेल्या ट्रायलचं असं फार होतं. ट्रायल संपते, आयकॉन तिथेच राहतो, घरच्यांना वाटतं अँटिव्हायरस आहे.

‘तुमचा पासवर्ड लीक झाला आहे.’ हे मात्र झटकून टाकू नका. अशी गळती होते. ‘हॅव आय बीन पोन्ड’ ही सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी २०१३ साली सुरू केलेली साइट आहे. तिथे आपला ईमेल टाकून फुकट तपासता येतं. नाव निघालं तर तो पासवर्ड जिथे जिथे वापरला असेल तिथे बदला आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. त्यासाठी कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत.

‘विंडोज १०चा सपोर्ट संपला, तुम्ही असुरक्षित आहात.’ पहिला अर्धा भाग खरा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी नेहमीचा सपोर्ट संपला. पण तुटलेली जागा विंडोजमध्ये आहे, ती अँटिव्हायरसचं महागडं पॅकेज घेऊन भरत नाही. विंडोज ११वर जाणं किंवा मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अपडेट योजनेत नाव नोंदवणं हा उपाय आहे. विंडोज १०वरच्या डिफेंडरला व्हायरसची ओळख पटवणारी अपडेट निदान ऑक्टोबर २०२८पर्यंत मिळत राहतील, असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे.

कंपनीला असं लिहिता येतं का?

‘जाहिरात आहे, थोडी वाढवून सांगणारच’ असं म्हणून पुष्कळजण सोडून देतात. मला ते पटत नाही, आणि नियम करणाऱ्यांनाही पटलेलं नाही.

मायक्रोसॉफ्टने १ मार्च २०१८पासून असे प्रोग्रॅम नको असलेल्या सॉफ्टवेअरच्या वर्गात टाकायला सुरुवात केली. निकष वाचण्यासारखे आहेत. चुका वाढवून, भयभीत करणाऱ्या पद्धतीने दाखवायच्या आणि दुरुस्तीसाठी पैसे मागायचे. दुसरा काही उपायच नाही असं भासवायचं. ठरावीक वेळेतच निर्णय घ्या म्हणून घाई करायची. फुकट आवृत्ती देऊन पैसे भरण्यासाठी असा दबाव टाकणारा प्रोग्रॅम डिफेंडर काढून टाकू शकतो.

अमेरिकेतलं ऑफिस डेपोचं प्रकरण तर प्रत्येकाने माहीत करून घ्यावं असं आहे. ही स्टेशनरी आणि कॉम्प्युटर विकणारी मोठी दुकानसाखळी. तिथे ‘पीसी हेल्थ चेक’ नावाची फुकट तपासणी करून मिळायची. तपासणीच्या सुरुवातीला चार प्रश्न असायचे : कॉम्प्युटर हळू चालतो का, व्हायरसची सूचना येते का, पॉप-अप येतात का, मध्येच बंद पडतो का. यातल्या कुठल्याही एका चौकोनात खूण केली, की शेवटी ‘मालवेअरची (म्हणजे व्हायरससारख्या घातक प्रोग्रॅमची) लक्षणं सापडली’ असा निकाल यायचा. स्कॅनमध्ये काय सापडलं याचा त्या निकालाशी संबंधच नव्हता. मग दुरुस्तीचे शेकडो डॉलर. २०१२मध्ये तिथल्याच एका कर्मचाऱ्याने वरपर्यंत तक्रार केली होती, तरी प्रकार चालू राहिला. २०१६मध्ये सिएटलच्या एका टीव्ही वाहिनीने कोरे, नुकतेच खोक्यातून काढलेले कॉम्प्युटर तपासायला नेले, तेव्हा ते बाहेर आलं. २०१९मध्ये ऑफिस डेपोने अडीच कोटी आणि सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमने एक कोटी डॉलर देऊन तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनशी, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी आयोगाशी, तडजोड केली. त्याच आयोगाने मार्च २०२४मध्ये रेस्टोरो आणि रीइमेज या सायप्रसच्या कंपन्यांवर विंडोजच्या नावाने खोटे पॉप-अप दाखवून दुरुस्ती विकल्याचा आरोप ठेवला. ते प्रकरण २ कोटी ६० लाख डॉलरवर मिटलं.

आपल्याकडेही आता नियम आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे स्क्रीनवरच्या मांडणीतून ग्राहकाला फसवायच्या युक्त्या, रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यात तेरा प्रकार दिले आहेत, आणि अँटिव्हायरसच्या चौकटीत त्यातले कितीतरी एकत्र सापडतात. खोटी घाई : ‘ऑफर १० मिनिटांत संपेल’, आणि उद्या पुन्हा तीच दहा मिनिटं. सतत पिच्छा पुरवणं, ज्याला तिथे ‘नॅगिंग’ म्हटलं आहे. नको म्हणणाऱ्याला लाजवणं. या शेवटच्यासाठी तत्त्वांमध्ये दिलेलं उदाहरण विमान तिकिटाचं आहे : विमा न घेणाऱ्या प्रवाशाला ‘मी असुरक्षित राहीन’ अशा वाक्यावर टिचकी मारायला लावणं. आता त्या नाशिकच्या चौकटीतली फिकट ओळ आठवा : ‘धोका स्वीकारून पुढे जा’. साचा अगदी तोच. तेरावा प्रकार ‘रोग मालवेअर’ हा आहे (‘रोग’ हा इथे इंग्रजी शब्द, अर्थ लबाड). व्हायरस असल्याची भीती घालून खोटं साधन विकायचं आणि त्यातूनच मालवेअर घालायचं. तो गुन्हेगारांचा प्रकार आहे. चालू, खऱ्या अँटिव्हायरसला तो लावू नये, पण घाबरवायची भाषा दोघांची कधीकधी ओळखू येणार नाही इतकी सारखी असते. लोकांना खऱ्या कंपन्यांनीच ती भाषा सवयीची करून दिली, की खोट्या चौकटीलाही ते तसेच फसतात. खरं नुकसान मला तिथे दिसतं.

चौकट बंद करायचे उपाय

सोप्यापासून सुरू करा.

पहिलं, अँटिव्हायरसच्या आतली सेटिंग्ज. ‘नोटिफिकेशन्स’, ‘ऑफर्स’, ‘प्रायव्हसी’, ‘जनरल’ अशा ठिकाणी जाहिराती बंद करायचा पर्याय असतो. नॉर्टनमध्ये तो अॅडमिनिस्ट्रेटिव्ह सेटिंग्जमध्ये ‘स्पेशल ऑफर नोटिफिकेशन’ या नावाने आहे. काही कंपन्यांच्या फुकट आवृत्तीत हा पर्याय नसतोच, पैसे भरलेल्यांनाच मिळतो. ‘सायलेंट’ किंवा ‘गेम मोड’ कायमचा लावून ठेवू नका, काही प्रोग्रॅममध्ये त्याने खऱ्या सूचनाही दबतात.

दुसरं, सोबत आलेल्या वस्तू काढा. सेटिंग्ज, अॅप्स, इन्स्टॉल्ड अॅप्स इथे कंपनीच्या नावाने शोधा. अँटिव्हायरसशेजारी क्लीनर, व्हीपीएन, ब्राउझर, ‘असिस्टंट’, असं काय काय दिसेल. जे मागितलं नव्हतं ते काढून टाका. नाशिकच्या ऑफिसात एवढ्यानेच काम झालं. अँटिव्हायरस तसाच ठेवला, ‘प्रायव्हसी’चा भाग काढला, चौकट थांबली.

तिसरं, विंडोजच्या नोटिफिकेशन सेटिंग्जमधून त्या अॅपच्या सूचना बंद करता येतात, पण बहुतेक अँटिव्हायरस स्वतःची चौकट स्वतः काढतात. ती विंडोजच्या यादीत येतच नाही, त्यामुळे याचा फार उपयोग होत नाही.

चौथं, प्रोग्रॅम काढूनही चौकट येत असेल तर स्टार्टमध्ये शोधून टास्क शेड्यूलर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप करायच्या कामांची विंडोजची यादी, उघडा. तिथे कंपनीच्या नावाची एखादी नोंद उरलेली असते, तीच ठरल्या वेळी चौकट उठवते. नोंद आधी नुसती ‘डिसेबल’ करा, आठवडाभर बघा, मग पुसा.

पाचवं, एवढं करूनही त्रास संपत नसेल तर तो अँटिव्हायरसच काढा. विंडोज १० आणि ११मध्ये डिफेंडर आधीपासूनच असतो. दुसरा अँटिव्हायरस काढला की तो आपोआप चालू होतो. घरच्या वापराला, विंडोज वेळेवर अपडेट होत असेल तर, तो पुरेसा आहे असं माझं ठाम मत आहे. ऑफिसात मात्र आधी मालकांना आणि ऑडिटरना विचारा, कारण काही ठिकाणी ठरावीक अँटिव्हायरस असणं ही कराराची अट असते. काढताना लायसन्स की लिहून ठेवा. इन्स्टॉल्ड अॅप्समधून काढा, रीस्टार्ट करा, अवशेष राहिले तर त्या कंपनीच्या अधिकृत साइटवरचं काढून टाकायचं खास साधन चालवा. मोठ्या बहुतेक कंपन्या ते देतात. सर्च इंजिनवर पहिल्या ओळीत दिसणारं, जाहिरातीतलं ‘रिमूव्हर’ उतरवू नका.

काढतानाच्या खिडकीतली बटणंही नीट वाचा. ‘संरक्षण चालू ठेवा’ हे रंगवलेलं मोठं बटण असतं आणि ‘काढून टाका’ कोपऱ्यात साध्या अक्षरांत. शेवटी स्टार्टमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ शोधून उघडा आणि ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’वर हिरवी खूण आहे ना ते बघा. तिथेच ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ आहे. अलीकडे डिफेंडरला खरोखर काय सापडलं ते तिथे नावानिशी दिसतं. एकाच वेळी दोन अँटिव्हायरस चालवू नका, दोघं एकमेकांच्या आड येतात आणि कॉम्प्युटर रखडतो.

पूर्ण स्क्रीन भरून सायरन आणि फोन नंबर आला तर

हा वेगळाच प्रकार आहे, सरळ फसवणुकीचा. ते वेबपान असतं, कॉम्प्युटर लॉक झालेला नसतो. नंबर लावू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. एस्केपचं बटण थोडा वेळ दाबून धरा, पूर्ण स्क्रीन सुटेल, मग टॅब बंद करा. नाही सुटला तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर संपवा. पुन्हा उघडल्यावर ‘आधीची पानं उघडू का’ विचारलं तर नको म्हणा. कुणी फोनवर बोलून एनीडेस्कसारखं, दुरून आपला कॉम्प्युटर चालवू देणारं अॅप घ्यायला लावलं असेल तर आधी इंटरनेट तोडा, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

पैसे कापले जातात त्याचं काय?

प्रोग्रॅम काढला म्हणजे वर्गणी थांबली असं नाही. हे फार जणांना माहीत नसतं. घाबरून कधीतरी ‘अपग्रेड’ दाबून कार्ड दिलेलं असतं, त्यात आपोआप नूतनीकरणाचा चौकोन आधीच भरलेला असतो, आणि पुढच्या वर्षी पहिल्या वर्षाच्या सवलतीशिवायची रक्कम जाते. ब्रिटनमध्ये तिथल्या स्पर्धा आयोगाने याच मुद्द्यावर मॅकअफी आणि नॉर्टन या दोघांकडूनही २०२१मध्ये ग्राहकांना परतावा आणि स्पष्ट सूचना देण्याची हमी लिहून घेतली होती.

कंपनीच्या साइटवर आपल्या खात्यात शिरून ‘ऑटो रिन्यूअल’ बंद करा आणि बंद झाल्याचा ईमेल जपून ठेवा. भारतातल्या कार्डावर नोंदवलेल्या ई-मँडेटसाठी, म्हणजे आपोआप पैसे कापायच्या परवानगीसाठी, रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१पासून लागू आहे. पैसे कापायच्या निदान २४ तास आधी बँकेने कळवायला हवं आणि त्यातूनच नकार देता यायला हवा. तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका. बँकेच्या अॅपमध्ये किंवा यूपीआयच्या ऑटोपेमध्ये चालू मँडेटची यादी असते, तिथूनही रद्द करता येतं. उलट, ‘तुमचं अँटिव्हायरस अमुक हजारांना रिन्यू झालं, रद्द करायचं तर या नंबरवर फोन करा’ असा ईमेल आला आणि खात्यातून काहीच गेलेलं नसेल, तर तो नंबरही फसवणुकीचाच आहे.

दुकानातून खोक्यात आणलेल्या अँटिव्हायरसला कार्ड जोडलेलं नसतं, तिथे ही भीती नाही. नूतनीकरणाची चौकट आली तरी घाई करू नका, तारीख बघून त्याच दुकानदाराकडे किंमत विचारा. चौकटीतली किंमत आणि दुकानातली किंमत यांत बराच फरक पडू शकतो.

तक्रार करायची असेल तर

चौकट पुन्हा आली की लगेच बंद करू नका. विंडोजचं बटण, शिफ्ट आणि एस एकत्र दाबून चित्र घ्या. चित्रात तारीख-वेळेचा कोपरा येऊ द्या. लागोपाठच्या दोन-तीन चौकटींची चित्रं असली तर ‘शेवटची संधी’ किती वेळा शेवटची होती ते आपोआप दिसतं. लायसन्सच्या पानाचं चित्र सोबत जोडा, म्हणजे मुदत बाकी असताना ‘असुरक्षित’ म्हटलं होतं हे सिद्ध होतं. आधी कंपनीला ईमेलने लिहा : कुठल्या तारखेला कोणतं वाक्य दाखवलं, त्यामागे कोणती फाइल किंवा कोणता व्हायरस होता ते नावानिशी कळवा. नाव कळवता आलं नाही किंवा उत्तरच आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर किंवा तिच्या पोर्टलवर तक्रार द्या. मराठीत बोलता येतं. तक्रारीत २०२३च्या डार्क पॅटर्न मार्गदर्शक तत्त्वांचा उल्लेख करा, त्यातला प्रकार कोणता ते लिहा आणि तुम्हाला काय हवं आहे तेही लिहा : परतावा, की फक्त चौकट कायमची बंद.